सडा, घळ आणि पाणी : कोल्हापूरच्या डोंगरवाटांवर धावण्याचा मार्ग कसा आखावा

रंकाळ्याभोवतीच्या फेऱ्यांना आणि विद्यापीठाच्या आवारातील रस्त्यांना सरावलेला कोल्हापूरचा धावपटू पहिल्यांदा डोंगराकडे वळतो, तेव्हा तो सोबत्याला बहुधा एकच प्रश्न विचारतो : मार्ग किती किलोमीटरचा आहे? मी मात्र गेली काही वर्षे आखणीची सुरुवात पाण्यापासून करतो. वाटेत पाणी कुठे मिळते, ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि पाऊस झाला तर नेमके कुठे वाट अडवते, या तीन गोष्टी कळल्या की अंतर, वेळ, बूट आणि खाणे यांचे निर्णय फारशी डोकेफोड न करता होतात. ज्याला रस्त्यावर दहा किलोमीटर न थांबता धावता येते, पण डोंगरवाटेचा अनुभव नाही, अशा वाचकासाठी ही पद्धत येथे सविस्तर मांडली आहे.

आधी भूगोल समजून घ्यावा

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती मिळून प्रयाग चिखली येथे पंचगंगा होते, हे आपण शाळेत शिकतो. पण धावण्याच्या दृष्टीने या नद्यांच्या मधली जमीन अधिक महत्त्वाची आहे. नद्या पश्चिमेकडील डोंगरांतून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांच्यामध्ये डोंगरांच्या लांबच लांब सोंडा उरतात. यांपैकी अनेक सोंडांच्या माथ्यावर जांभ्या दगडाची सपाट टोपी असते आणि तिलाच आपण सडा किंवा पठार म्हणतो. त्यामुळे या भागातील मार्ग मुळात दोनच प्रकारचे असतात. एक सोंड धरून सड्यावरून जाणारा, आणि दुसरा सोंड उतरून, दरीतला ओढा किंवा नदी ओलांडून पलीकडची सोंड चढणारा. पहिल्या प्रकारात दम कमी लागतो, पण पाणी आणि सावली मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात दोन्ही मिळतात. मात्र परतीच्या वेळी ओढा तेवढाच राहिलेला असेल याची खात्री देता येत नाही.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात सड्यावर जागोजागी तळी साचलेली दिसतात आणि पाण्याची चिंता नाही असे वाटते. परंतु पाऊस थांबल्यावर हे पाणी झपाट्याने खाली मुरते, जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या कडेखाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून डिसेंबरनंतर माथा कोरडा ठणठणीत असला, तरी कड्याखाली शे-दीडशे फूट उतरल्यावर झरा जिवंत सापडू शकतो. अनेक वाड्या आणि धनगरवाडे माथ्यावर न वसता कडेखालच्या पट्ट्यात का वसले, याचे एक कारण येथेच मिळते. नकाशावर मार्ग आखताना मी प्रथम या वाड्यांवर खुणा करतो, कारण जिथे बारमाही वस्ती आहे तिथे पाणी मिळण्याची शक्यता अधिक असते.

पावसातील तफावतही लक्षात ठेवावी. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून अवघ्या ५५ किलोमीटरवर असलेल्या गगनबावड्यात तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. शहरात ऊन पडलेले पाहून घराबाहेर पडलेला माणूस दोन तासांनी कुंभीच्या खोऱ्यात गुडघाभर पाण्यासमोर उभा राहतो तो यामुळेच. हवामानाचा अंदाज पाहताना शहराचा न पाहता, ज्या नदीचे खोरे ओलांडायचे आहे तिच्या उगमाकडील गावाचा पाहावा.

ऋतू निवडणे

धावण्यासाठी सर्वांत सोयीचा काळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. गवत वाळू लागलेले असते, वाटा मोकळ्या होतात, ओढे ओलांडण्याजोगे असतात आणि झरेही चालू असतात. या काळात एकच कटकट असते ती पहाटे गाडीने पायथा गाठताना, कारण ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो आणि दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर अचानक समोर येतो. धावण्यापेक्षा हा प्रवास अधिक धोक्याचा आहे असे मी सोबत्यांना सांगतो, आणि त्यात विनोदाचा भाग फार थोडा असतो.

मार्च ते मे या काळात सूर्योदयाच्या आधी निघून नऊ-साडेनऊपर्यंत सडा सोडावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि मोकळ्या पठारावर माणूस हाच सर्वांत उंच पदार्थ असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत पडली असे समजावे आणि तत्काळ माथा सोडून खाली उतरावे. एकट्या झाडाखाली किंवा कड्यातील उथळ कपारीत आसरा घेऊ नये. खाली उतरणे शक्यच नसेल, तर एकमेकांपासून अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवे बसावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय पुन्हा माथ्यावर जाऊ नये. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही परतीचा पाऊस असाच वागतो, हे बरेच जण विसरतात.

जून ते सप्टेंबर हा काळ नवशिक्यांनी सड्यांवर धावण्यासाठी निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यातील हिरवाईचे छायाचित्र सुंदर येते, पण त्या छायाचित्रात धुके आणि शेवाळ दिसत नाही. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी आणि एक मित्र मसाई पठारावर धावत असताना दहा पावलांपलीकडचे दिसेना झाले. घड्याळातील जीपीएस चालू होते, परंतु आम्ही त्यात मार्ग भरून ठेवला नव्हता, त्यामुळे आपण कुठे आहोत एवढे कळत होते आणि कुठे जायचे ते कळत नव्हते. चाळीस मिनिटे फिरून आम्ही त्याच डबक्यापाशी परत आलो. शेवटी पाण्याच्या ओहोळाच्या कडेने खाली उतरावे, गाव लागेलच, असे ठरवून निघालो असता घोंगडी पांघरलेला एक धनगर समोर आला आणि म्हणाला, "पावणं, वढ्याच्या मागनं खाली जाऊ नगासा, कडा लागंल." पुढे दीडशे पावलांवर तो ओहोळ खरोखरच कड्यावरून कोसळत होता. वाट चुकल्यास पाण्याच्या मागे जावे हा सल्ला सपाट प्रदेशात ठीक असेल. सड्यावर तो माणसाला थेट धबधब्याच्या माथ्यावर नेऊन सोडतो. येथे वाट चुकली, तर आल्या पावली शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परतणे हाच मार्ग.

पहिला मार्ग : कुशिरे, गायमुख, जोतिबा

ज्याने कधीच डोंगरवाटेवर धाव घेतलेली नाही, त्याने सुरुवात वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगरापासून करावी. माघ महिन्यातील रविवारी खेट्यांसाठी, म्हणजे जोतिबाच्या पायी वारीसाठी, भाविक पहाटे पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख या मार्गाने अनवाणी डोंगर चढतात. पिढ्यान् पिढ्या पायांनी पारखलेली ही वाट असल्याने ती चुकण्याची शक्यता कमी, चढ सलग, वस्ती जवळ आणि पाणी हाताशी अशी तिची सोय आहे. मात्र खेट्यांच्या रविवारी आणि चैत्र यात्रेच्या दिवसांत तेथे धावायला जाऊ नये. गर्दीत भाविकांना धक्के देत पळणे अशोभनीय आहे, शिवाय गुलालाने माखलेल्या पायऱ्या ओल्या झाल्यावर किती निसरड्या होतात हे एकदा घसरल्याशिवाय कळत नाही.

या मार्गाचा उपयोग स्वतःला मोजण्यासाठी करावा. चढ धावत चढण्याचा हट्ट धरू नये. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत नाही असे जाणवताच चालू लागावे, हात मांडीवर टेकवून लहान पावले टाकावीत. अनुभवी धावपटूही तीव्र चढ चालूनच चढतात. खरी परीक्षा उतारावर असते, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरणेही नकोसे होते. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून एकदा हा डोंगर चढून उतरल्यास पाय तयार होतात. उतरताना नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावले पुढे ठेवावी, पावले लहान व जलद टाकावीत आणि शरीर मागे न झुकवता उताराच्या दिशेने किंचित पुढे ठेवावे. मागे झुकले की टाच आधी टेकते आणि घसरण तिथूनच सुरू होते.

मुख्य मार्ग : पन्हाळा ते मसाई पठार

कोल्हापूरच्या धावपटूला सड्याची ओळख करून देणारा सर्वांत योग्य मार्ग म्हणजे पन्हाळ्याच्या राजदिंडीतून, म्हणजे गडाच्या लहान दरवाजातून, उतरून तुरुकवाडी व म्हाळुंग्याच्या बाजूने मसाई पठारावर जाणे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच दिंडीतून बाहेर पडले आणि विशाळगडाकडे गेले, असे मानले जाते. राजदिंडीचा सुरुवातीचा उतार दगडी आणि अरुंद आहे. तो अंग गरम होण्याआधीच येतो, त्यामुळे गडावर दहा मिनिटे हलकी धाव घेऊन मगच उतरायला सुरुवात करावी.

पठारावर पोहोचल्यावर जमीन एकदम बदलते. कोरडा जांभा खरखरीत असतो आणि त्यावर बुटाची पकड उत्तम बसते, परंतु त्यावर पसरलेला बारीक मुरूम पायाखाली गोट्यांसारखा सरकतो, आणि पडल्यास गुडघ्याचे सालटे निघाल्याशिवाय राहत नाही. ओल्या जांभ्यावर हिरवट-काळे शेवाळ धरते. काळपट दिसणारा भाग टाळून लालसर, खडबडीत भागावर पाऊल टाकावे. गाड्यांच्या चाकोऱ्यांमध्ये पाणी साचलेले असेल, तर बूट भिजू नयेत म्हणून बाजूच्या गवतावरून जाण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि सरळ पाण्यातून जावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद अशा वनस्पती उगवतात. त्यांतल्या सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी आहेत, कारण त्या मातीत पोषणच नसते. दहा जणांनी एकेक पाऊल बाजूला टाकले की पुढच्या वर्षी तिथे वाट रुंदावलेली असते आणि फुले मागे सरकलेली असतात. बूट वाळतात.

मसाई देवीचे मंदिर ही पठारावरील सर्वांत भरवशाची खूण आहे. पठार एकसंध नसून टप्प्याटप्प्यांनी पश्चिमेकडे पसरले आहे आणि प्रत्येक टप्पा आधीच्यासारखाच दिसतो, म्हणून वळणाच्या प्रत्येक जागी मागे वळून पाहावे. परतताना दिसणारे दृश्य जाताना दिसलेल्या दृश्यापेक्षा वेगळे असते. पांडवदऱ्याची लेणी पठाराच्या कड्यात आहेत. ती पाहायची असल्यास धाव थांबवून चालत जावे, कारण कड्याच्या काठावर धावण्याने काहीच साधत नाही. कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळे असतात, तेव्हा आरडाओरडा करू नये व उग्र अत्तर लावून जाऊ नये. पहिल्या वेळी मंदिरापर्यंत जाऊन परतावे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पठाराच्या पश्चिम टोकापर्यंत जावे.

लांबचा मार्ग : पावनखिंड

मसाई पठारावरून पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्यांमधून आणि धनगरवाड्यांवरून वाट पांढरपाण्याकडे व तेथून पावनखिंडीकडे जाते. पन्हाळ्यापासून खिंडीपर्यंतचे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. दर जुलैमध्ये शेकडो लोक ते दोन दिवसांत पायी पार करतात आणि त्या दिवसांत चिखलाचे जे राडे होतात त्यात धावणे अशक्य असते. धावण्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबर निवडावा.

हा मार्ग एका दिवसात धावण्यापूर्वी तो दोन तुकड्यांत वेगवेगळ्या दिवशी करावा, कारण मसाईनंतरची अर्धी वाट सड्यावरची नाही. ती झाडी, भातखाचरे आणि ओढे यांतून जाते. भाताची कापणी झालेली नसेल, तर बांधांवरूनच जावे. खाचरातून पळणाऱ्यावर शेतकरी ओरडला, तर चूक आपली असते. प्रत्येक वाडीत थांबून पुढच्या वाडीची वाट विचारावी, आणि विचारताना 'ही वाट अमक्या गावाला जाते ना?' असे न म्हणता 'अमक्या गावाला कसे जायचे?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सौजन्यापोटी 'व्हय' असेच उत्तर मिळते.

पावनखिंड, म्हणजे पूर्वीची घोडखिंड, ही कासारीच्या उगमाकडील अरुंद घळ आहे. बाजीप्रभू देशपांडे यांनी मोजक्या मावळ्यांसह येथे शत्रू का थोपवला, हे दोन्ही बाजूंचे कातळ पाहिल्यावर कळते. ज्या अरुंदपणामुळे तेथे फौज अडली, त्याच अरुंदपणामुळे पावसाचे पाणी तेथे काही मिनिटांत चढते. खिंडीत उतरण्याआधी वरच्या बाजूला आभाळ काळवंडले आहे का, हे पाहावे.

घळींचे मार्ग

गगनबावड्याच्या वाटेवर पळसंबे येथे ओढ्याकाठच्या दाट झाडीत कातळात कोरलेली रामलिंगाची मंदिरे आहेत. तेथे जाणारी वाट लहान आहे, परंतु घळीतल्या दगडांवर पाऊल कसे टाकावे हे शिकण्यासाठी ती उत्तम आहे. ओढ्यातला बसाल्ट पाण्याने गुळगुळीत झालेला असतो आणि त्यावर जांभ्यासारखी पकड कधीच मिळत नाही. धोंड्याच्या माथ्यावर पाऊल टाकण्यापेक्षा दोन धोंड्यांमधल्या वाळूत, पाण्यातून का होईना, टाकावे.

भुदरगड तालुक्यातील पाटगावहून भटवाडी, चिक्केवाडीमार्गे रांगणा किल्ल्याकडे जाणारी वाट ही या प्रकारातली पुढची पायरी आहे. तिच्यात ओढे पुन्हा पुन्हा ओलांडावे लागतात, जंगल दाट आहे आणि मोबाइलला रेंज मिळेल असे गृहीत धरता येत नाही. ती एकट्याने करू नये. चार जणांचा गट मला योग्य वाटतो : एकाला दुखापत झाली, तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मिळून मदत आणायला जातात.

राधानगरी अभयारण्यात मात्र धावण्याचा विचार सोडून द्यावा. दाजीपूरचे सडे नकाशावर कितीही मोहक दिसले, तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही, आणि गवा हा पळणाऱ्या माणसाला पाहून काय करील याचा अंदाज बांधता येत नाही. गवे अभयारण्याच्या हद्दीबाहेरही येतात. दिसल्यास थांबावे, त्याची नजर चुकवून हळूहळू मागे सरावे, पिल्लू आणि कळप यांच्या मध्ये येऊ नये आणि छायाचित्राचा नाद सोडावा. आजरा, चंदगड भागात रानहत्तींचाही वावर असतो. तिकडे जाण्यापूर्वी आदल्या दिवशी गावात चौकशी केल्याशिवाय निघू नये. अन्यत्रही वाट राखीव वनातून जात असल्यास वनखात्याकडे आधी विचारावे.

ओढा ओलांडावा की परतावे

पाणी गढूळ होत असेल, त्यातून काटक्या व पाने वाहत येऊ लागली असतील किंवा मघाशी दिसणारा दगड आता दिसेनासा झाला असेल, तर वर कुठे तरी पाऊस पडतो आहे आणि पाणी वाढते आहे असे समजून काठावर थांबावे. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि आपल्या चालण्याच्या वेगापेक्षा जोरात वाहत असेल, तर उतरू नये. घळीतून वाहणारे ओढे जसे लवकर चढतात तसे पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा दोन-तीन तासांत उतरतातही, म्हणून वाट पाहणे हा भित्रेपणा मानू नये. ओलांडायचेच असेल, तर सर्वांत अरुंद जागा न शोधता रुंद व उथळ जागा शोधावी, खाली धबधबा किंवा डोह नाही याची खात्री करावी, प्रवाहाकडे तोंड करून काठीच्या आधाराने तिरपे सरकावे आणि पाठपिशवीचा छातीवरचा पट्टा आधीच सोडून ठेवावा.

सपाटीवरच्या नद्यांवर आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले जातात, पावसाळा संपल्यावर पुन्हा बसवले जातात, आणि पूर आला की बंधारा पाण्याखाली जातो. हिवाळ्यात एका बंधाऱ्यावरून पलीकडे जाऊन दुसऱ्यावरून परतण्याचा मार्ग सरावासाठी फार छान होतो. पावसाळ्यात मात्र बंधाऱ्यावरून बोटभर पाणी वाहत असले, तरी त्यावर पाऊल ठेवू नये. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी त्या काळात रोज जाहीर होते : ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ती चाळिशीकडे सरकू लागली की मी पश्चिमेकडे जाण्याचा बेतच रद्द करतो, कारण डोंगर गाठला तरी परतीचा रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो. पन्हाळ्याच्या रस्त्यावर रेडेडोहाजवळ काय होते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. त्या दिवसांत भोगावतीकाठच्या वाटा वर्ज्य समजाव्यात.

वेळेचा हिशेब आणि सामान

डोंगरवाटेवर वेळ काढण्यासाठी प्रत्येक १०० मीटर चढाला एक किलोमीटर जादा धरावा. समजा मार्ग १८ किलोमीटरचा आहे आणि एकूण चढ ६०० मीटर आहे, तर हिशेबाला २४ किलोमीटर घ्यावेत. रस्त्यावर सहा मिनिटांत किलोमीटर धावणाऱ्याने येथे आठ मिनिटे धरावीत. म्हणजे तीन तास बारा मिनिटे होतात, आणि त्यात वाट शोधण्यासाठी व पाणी भरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे समान उंची दाखवणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटर अंतराने असतात, त्या मोजल्या की चढ कळतो. मार्ग घड्याळात व मोबाइलमध्ये भरून ठेवावा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यावा, आणि 'इतक्या वाजेपर्यंत आलो नाही तर शोधायला निघा' असे घरी कागदावर लिहून द्यावे.

तासाला सुमारे अर्धा ते पाऊण लीटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. दोन खात्रीच्या पाणवठ्यांमधील वेळ तासांत काढून तेवढे पाणी बरोबर घ्यावे. एवढ्यासाठीच आधी झरे आणि वाड्या नकाशावर मांडायच्या. लांबच्या धावेत नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील मीठ कमी होऊन गरगरते, म्हणून ओआरएसची पाकिटे जवळ असावीत. खाण्यासाठी महागड्या जेलची गरज नाही. आपल्याकडचा गूळ आणि भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, मूठभर खारी बुंदी एवढे पुरते. दर पाऊण तासाला थोडे खावे; भूक लागेपर्यंत थांबू नये. पन्हाळ्यावरची झुणका-भाकरी परतल्यावर.

बुटांच्या तळव्याला चार ते पाच मिलिमीटर खोल खाचा आणि मऊ रबर असावे. कोरड्या सड्यावर रस्त्याचे बूटही चालून जातात, ओढ्यात ते फसवतात. शिट्टी, क्रेप बँडेज, हेडटॉर्च, पातळ जर्किन आणि चार्ज केलेला मोबाइल हे सामान छोट्या मार्गावरही सोडू नये. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे लवकर निघणाऱ्याला टॉर्च लागतेच.

सड्यावरच्या सुट्या दगडांखाली फुरसे असते. बसताना, बुटाची नाडी बांधताना किंवा आधाराला हात टेकताना आधी पाहावे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये, दंश झालेला अवयव हलू न देता शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनखात्याची मदतवाहिनी १९२६ हे क्रमांक मोबाइलमध्ये आधीच साठवावेत.

परतल्यावर

घरी आल्यावर बुटांच्या खाचांतील माती तिथल्या तिथे धुवावी, कारण रानमोडी आणि गाजरगवताचे बी त्यातूनच एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाते. त्यानंतर, स्नानाआधी, एक वही काढावी. मी तिच्यात वेळ आणि अंतर एका ओळीत संपवतो आणि उरलेल्या पानावर पाण्याची नोंद करतो : तारीख, कोणता झरा चालू होता, कोणता ठिबकत होता, कोणत्या ओढ्याचे पाणी घोट्यापर्यंत होते, कोणत्या वाडीत हंडा भरून मिळाला. तीन हिवाळ्यांच्या नोंदी साठल्यानंतर मला मसाईच्या दक्षिण कडेखालचा एक झरा जानेवारीच्या अखेरपर्यंत चालतो हे कळले, आणि तेव्हापासून त्या मार्गावर मी दोनऐवजी एकच बाटली घेऊन निघतो. फेब्रुवारी लागला की पुन्हा दोन.